नव्याचे नऊ दिवस सरल्यावर: नोकरी बदलताना पळायलाही शिकायचं असेल तर

अडतिसाव्या वर्षी मी एकाच सोमवारी दोन गोष्टी सुरू केल्या. सकाळी सहाला जिम आणि नऊला नवी नोकरी. जिमची फी वर्षभराची आगाऊ भरली होती, कारण एकदम भरली की स्वस्त पडते. अकरा दिवस गेलो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, मी दोन जास्त काढले एवढंच. मग ऑफिसात महिनाअखेर आली, घरी पोचायला रात्रीचे दहा वाजायला लागले आणि जिमची बॅग गाडीच्या डिकीत चार महिने पडून राहिली. शेवटी वास यायला लागला म्हणून बायकोनेच ती बाहेर काढली.

त्रेचाळिसाव्या वर्षी मी चाकणच्या एका कारखान्यातला खरेदी विभाग सोडून एका छोट्या कंपनीत नियोजनाच्या कामाला लागलो आणि पुढच्या काही महिन्यांत पहिल्यांदा दहा किलोमीटर न थांबता पळालो. इच्छाशक्ती पूर्वीइतकीच होती, म्हणजे बेताचीच. बदललं होतं ते वेळापत्रक. व्यायाम आधी सुरू केला, नोकरी नंतर बदलली, आणि नव्या नोकरीचे पहिले तीन महिने व्यायामात काही म्हणजे काही वाढवलं नाही. खाली त्या वेळापत्रकाचा तपशील आहे. चाळिशीच्या आसपासचा, बैठं काम करणारा, घराचे हप्ते चालू असलेला माणूस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय. पंचविशीतल्यांनी यातली निम्मी काळजी गाळली तरी चालेल.

दोन्ही एकदम का नको

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर एक अभ्यास झाला होता, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. एखादी नवी गोष्ट विचार न करता आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागतात, असं त्यात दिसलं. पण माणसामाणसांतला फरक प्रचंड होता, १८ दिवसांपासून थेट २५४ दिवसांपर्यंत. म्हणजे 'एकवीस दिवसांत सवय लागते' हे आपण ऐकत आलो ते सगळ्यांना लागू पडत नाही.

आता हे दोन महिने नव्या नोकरीच्या पहिल्या दोन महिन्यांवर ठेवून बघा. याच काळात घरी परतायची वेळ ठरलेली नसते, रात्री झोप लागत नाही, डब्याचंही तंत्र बसलेलं नसतं. सवय रुजायला लागतो तो ठरावीकपणा, आणि नेमका तोच तेव्हा हाताशी नसतो. म्हणून दोघांपैकी एक आधी रुजवायचं. व्यायाम आधी, कारण त्याची तारीख आपल्या हातात असते. ऑफर लेटरची नसते.

पहिले दोन आठवडे: दोन तपासण्या

एक तपासणी शरीराची. रक्तदाब, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर), कोलेस्टेरॉल आणि कमरेचा घेर. घेर मोजायला टेलरची टेप पुरते. भारतीयांसाठी पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेघ मानली जाते. वजनकाट्यापेक्षा हा आकडा जास्त खरं बोलतो. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं ही आपल्याकडची ठरलेली ठेवण, ती काट्यावर दिसत नाही. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ च्या मध्ये आलं तर मधुमेह उंबरठ्यावर आहे असं समजतात. माझं ६.१ होतं. खरं सांगायचं तर मला सकाळी उठवलं ते या आकड्याने.

जिना चढताना छातीत जडपणा येत असेल, चक्कर येत असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकाराचा झटका आला असेल, किंवा रक्तदाबाची वा साखरेची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. कुठल्या चाचण्या करायच्या ते त्यांना ठरवू द्या. ऐंशी चाचण्यांचं पॅकेज अर्ध्या किमतीत मिळतंय म्हणून करू नका. ऐंशीतल्या दोन-तीन आकड्यांखाली लाल रेघ हमखास येते आणि महिनाभर माणूस इंटरनेटवर स्वतःचा आजार शोधत बसतो.

दुसरी तपासणी पैशाची. सहा महिन्यांचा घरखर्च, हप्त्यांसकट, बाजूला आहे का? नसेल तर नोकरीचा शोध चालू ठेवा, राजीनामा लिहू नका. मग हातात कॅलेंडर घ्या. कायम नोकरीत सलग पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशाचा, हक्क लागतो. हिशेब सोपा आहे: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. मूळ पगार चाळीस हजार आणि नोकरी पाच वर्षं धरली तर साधारण एक लाख पंधरा हजार होतात. माझी पाच वर्षं भरायला सात आठवडे बाकी होते. नव्या कंपनीला रुजू व्हायची तारीख पुढे ढकलायची विनंती केली, त्यांनी ती मान्यही केली. मागायला लाज वाटली होती, पण लाजेपायी लाखभर रुपये सोडण्यात शहाणपण नव्हतं.

आरोग्य विम्याचंही आत्ताच बघा. कंपनीचा गट-विमा बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं असू शकतो. २०२४ च्या आधी ही मर्यादा चार वर्षं होती. हा काळ जितका लवकर सुरू होईल तितका बरा, म्हणून नोकरीत असतानाच पॉलिसी घ्या. गट-विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हेही विचारून घ्या. एचआर स्वतःहून सांगत नाही.

सहा आठवडे नुसतं चालायचं

इथे बहुतेकांचं घोडं अडतं, कारण चालणं हा व्यायामच वाटत नाही. पण हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, आणि स्नायूबंध, घोटे, नडगी यांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. दम टिकतोय म्हणून माणूस पळत सुटतो आणि तिसऱ्या आठवड्यात नडगी धरून बसतो.

लक्ष्य साधं ठेवा: आठवड्यातून पाच दिवस, रोज ३० मिनिटं, जरा झपाझप. एकूण १५० मिनिटं. प्रौढांनी आठवड्याला किमान इतकी मध्यम हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंतर मोजू नका, घड्याळ बघा.

या टप्प्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे चालायची वेळ. ती आजच्या सोयीने ठरवायची नाही, *नव्या नोकरीत टिकेल* अशी निवडायची. मला तेव्हा संध्याकाळी साडेसहाला पुण्यातल्या तळजाई टेकडीवर जाणं सहज जमलं असतं. पण नव्या ऑफिसातून घरी यायला आठ वाजणार हे दिसत होतं. म्हणून पहाटे पावणेसहा ही वेळ धरली आणि कुरकुरत का होईना, सहा आठवडे तीच पाळली. नोकरी बदलली त्या दिवशी पावणेसहा तेच राहिले. तुमचं नवं काम रात्रपाळीचं किंवा परदेशी वेळेचं असणार असेल तर आत्तापासून दुपारी चाला, लोक काहीही म्हणोत.

चौथ्या आठवड्यापासून थोडा चढ घ्या. पुण्यात असाल तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेतच. एकदा चढून उतरा, पुढच्या आठवड्यात दोनदा. सिंहगड मात्र एवढ्यात नको. आतकरवाडीच्या वाटेने वर जाणं उत्साहात होऊन जातं, वर मडक्यातलं दही आणि पिठलं-भाकरीही मिळते, पण उतरताना मांड्यांवर जो ताण येतो त्याची सवय नसेल तर पुढचे तीन दिवस ऑफिसचा जिना उलटं तोंड करून उतरावा लागतो.

बूट संध्याकाळी घ्या. दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात आणि पळतानाही ते फुगतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. रंग बघून घेतलेला बूट नंतर कपाटातच शोभतो.

राजीनामा आणि नऊ आठवडे

आपल्याकडच्या कंपन्यांत नोटीस पिरियड बऱ्याचदा साठ किंवा नव्वद दिवसांचा असतो. सगळे त्याला शिव्या देतात. मला तो वरदान वाटला. नवं काम अंगावर येत नाही, रोजचं काम हळूहळू काढून घेतलं जातं, आणि घरी परतायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा ठरलेली असते. पळायला शिकायला यापेक्षा चांगले दिवस मिळायचे नाहीत.

नव्याने पळणाऱ्यांसाठी 'काउच टू फाइव्ह के' (सोफ्यावरून उठून पाच किलोमीटरपर्यंत) नावाची नऊ आठवड्यांची आखणी जगभर वापरतात. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती. प्रत्येक वेळी आधी पाच मिनिटं चालायचं. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. दुसऱ्यात ९० सेकंद पळणं आणि दोन मिनिटं चालणं. तिसऱ्यात तीन मिनिटांचं पळणं येतं, चौथ्यात पाच मिनिटांचं. पाचव्या आठवड्यात ही आखणी दगा देते. पहिल्या दिवशी पाच-पाच मिनिटं तीनदा, दुसऱ्या दिवशी आठ-आठ मिनिटं दोनदा, आणि तिसऱ्या दिवशी एकदम सलग वीस मिनिटं. तो आकडा बघून मी फोन खिशात टाकून घरी परत आलो होतो. मग चौथा आणि पाचवा आठवडा पुन्हा केला, एकदा सर्दीने मोडलो, आणि माझ्या नऊ आठवड्यांचे बारा झाले. नव्वद दिवसांत तेही बसले. तुमची नोटीस एकाच महिन्याची असेल तर राजीनाम्याच्या आधीच दोन महिने पळायला लागा.

वेग किती ठेवायचा? पळताना सतराचा पाढा मोठ्याने म्हणता आला पाहिजे. सतरा पाचे पंच्याऐंशीला धाप लागली तर वेग कमी करा. बाजूने चालणाऱ्या आजोबांनी मागे टाकलं तरी हरकत नाही. मला त्यांनी टाकलंय, वर "चालू द्या" असंही म्हणालेत.

नडगीला किंवा गुडघ्याला एकाच जागी टोचल्यासारखं दुखत असेल आणि पळताना ते वाढत जात असेल, तर थांबा. मांड्या-पोटऱ्या दोन्ही पायांत सारख्याच ठणकत असतील तर ती नवेपणाची कुरकुर, दोन दिवसांत जाते.

दरम्यान ऑफिसातली कागदपत्रं. हँडओव्हर लेखी द्या आणि त्याची ईमेल स्वतःलाही मिळेल असं बघा. रिलिव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा कंपनीचा ईमेल बंद होण्याआधी उतरवून घ्या. पीएफच्या (भविष्य निर्वाह निधीच्या) खात्यावरचं नाव आधारशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते तपासा. एकीकडे वडिलांचं नाव मधे आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, किंवा लग्नाआधीचं आडनाव, यात लोकांचे महिने जातात. पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. पाच वर्षं सलग भरायच्या आत काढला तर त्यावर कर लागतो, आणि वळवला तर जुनी वर्षं धरली जातात. पेन्शनच्या भागासाठी दहा वर्षांची नोकरी मोजतात, तीही तुटत नाही. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख पीएफच्या पोर्टलवर टाकली नाही तर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः टाकता येते.

जुन्या कंपनीतला पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला कळवा. नाहीतर दोन्ही कंपन्या तुमचं उत्पन्न शून्यापासून धरतात आणि विवरणपत्र भरताना एकदम मोठी रक्कम अंगावर येते. शेवटचा पगार हातात पडायला महिना-दोन महिने लागल्याचं मी पाहिलंय, म्हणून त्या महिन्याचा हप्ता आधीच बाजूला ठेवा.

राजीनामा दिल्यावर साहेब पगार वाढवून देतो म्हणतील. ही वाढ तुम्ही जायला निघाल्यावरच का सुचली, एवढं स्वतःला विचारा.

नव्या नोकरीचे पहिले नव्वद दिवस

त्रेचाळिसाव्या वर्षी नवशिक्या होणं अवघड असतं ते मानापमानामुळे. माझे नवे साहेब एकतीस वर्षांचे होते. ते मला 'सर' म्हणायचे आणि मी त्यांना, असा पहिला आठवडा गेला. जुन्या जागी वीस जण मला विचारायला यायचे, इथे मला प्रिंटर कुठला तेही विचारावं लागत होतं. त्या पहाटे पावणेसहाचा उपयोग मला इथे कळला. तीन महिने मी हळू पळत होतो, लोक मागे टाकत होते आणि त्याने काही बिघडत नव्हतं. ऑफिसातही तसंच काढायचं ठरवलं.

काही गोष्टी कामी आल्या. पहिल्या आठवड्यातच साहेबांना विचारलं, "तीन महिन्यांनी माझ्याकडून काय झालेलं तुम्हाला दिसायला हवं?" उत्तर लिहून घेतलं आणि त्यांनाच ईमेलने पाठवलं. एक वही केली: डाव्या पानावर न कळलेले शब्द आणि लघुरूपं, उजव्या पानावर त्याचा अर्थ आणि कुणी सांगितला ते. हे सगळे प्रश्न पहिल्या पंधरा दिवसांत विचारून संपवा. तेव्हा लोक कौतुकाने सांगतात, तिसऱ्या महिन्यात त्याच प्रश्नाला भुवया उंचावतात. आणि "आमच्याकडे असं करायचो" हे वाक्य महिनाभर तोंडातून काढू नका. तुमची जुनी पद्धत चांगली असेलही, पण 'आमच्याकडे' म्हटलं की तुम्ही अजून तिथलेच ठरता.

नवं सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर रात्री अकराला व्हिडिओ बघत बसू नका. जेवणाच्या सुट्टीआधीची वीस मिनिटं रोज ठेवा आणि खऱ्या कामातलाच एक तुकडा त्यात करून बघा. जमलं नाही तर शेजारच्याला दाखवा. त्या निमित्ताने ओळखही होते.

व्यायामाचं या काळात काय? आहे ते टिकवायचं. मंगळवार आणि गुरुवारी वीस-वीस मिनिटं, रविवारी चाळीस. बस. अंतर वाढवायचं नाही, वेग वाढवायचा नाही, कुणाशी पैज लावायची नाही. एखादा दिवस हुकला तर हुकला, सलग दोन हुकवायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी अगदीच वेळ नसेल तर बूट घालून सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन या. हसू येईल, पण सवय त्यावरही जगते.

या तीन महिन्यांत झोप आणि चहा यांकडे लक्ष द्या. नव्या ऑफिसात ओळखी चहावरच होतात. दिवसाला चार कप, दर कपात दोन चमचे साखर, म्हणजे तीसेक ग्रॅम साखर नुसत्या ओळखीपायी पोटात जाते. मी बिनसाखरेचा कोरा प्यायला लागलो, टपरीवाल्याने आठवडाभर तोंड वाकडं केलं. नाश्त्याच्या पोह्यांबरोबर एक वाटी मोड आलेली मटकी किंवा दोन उकडलेली अंडी घ्या. सत्तर किलोच्या माणसाला दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिनं लागतात आणि नुसत्या पोह्यांत ती नसतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात.

चौथ्या महिन्यापासून दहा किलोमीटर

प्रोबेशनचं पहिलं बोलणं झालं, घरी यायची वेळ बसली की मग वाढवा. रविवारची धाव बारा आठवड्यांत अशी नेली: ४, ५, ६, मग ५. पुढे ६, ७, ८, मग ६. शेवटी ८, ९, ७ आणि १०. दर तीन-चार आठवड्यांनी अंतर कमी होतं ते मुद्दाम, शरीर त्याच आठवड्यात पुढच्या अंतराची तयारी करतं. मधल्या दिवसांच्या दोन धावा तीन-चार किलोमीटरच्याच.

आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवाच. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात आणि पळण्याने ती घट भरून निघत नाही. त्यासाठी जिमच लागते असं नाही. सूर्यनमस्कार आहेत. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी शतकापूर्वी त्यांचा व्यायाम म्हणून जो प्रसार केला, तो उगाच नव्हे. बारा नमस्कारांपासून सुरू करा. त्यात दहा-दहा बैठकांचे तीन फेरे आणि पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं घाला. तालमीतली खोल बैठक गुडघे कुरकुरत असतील तर लगेच करू नका. खुर्चीवर टेकून उठण्यापासून सुरुवात करा.

आता सिंहगड चढायला हरकत नाही. उतरताना पावलं छोटी टाका. पावसाळ्यात टेकडीची वाट आणि शेवाळलेल्या पायऱ्या टाळा, सपाट रस्त्यावर पळा. मार्च ते मे सकाळी सातच्या आत घरात या.

एखाद्या स्पर्धेत नाव घातलं की बारा आठवड्यांना टोक येतं. २००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन सहसा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते, तिच्यात दहा किलोमीटरची धावही आहे, पण नोंदणी महिने आधी होते. यवतेश्वरच्या घाटातली सातारची अर्धमॅरेथॉन बघून मोह होतो. तो चढ पहिल्या वर्षाचा नाही. पहिल्यांदा गावातली, सपाट रस्त्याची, छोटी धाव निवडा. तारीख तिमाहीअखेरच्या आठवड्यात येत नाही ना, ते मात्र ऑफिसच्या कॅलेंडरवर आधी बघा. माझी आली होती. शनिवारी रात्री साडेबारापर्यंत ताळेबंदाचे आकडे जुळवले आणि रविवारी सहाला रांगेत उभा होतो.

धावेच्या दिवशी नवं काहीच नको: नवे मोजे नकोत, नवा बूट नको, आदल्या रात्री मिसळही नको. पहिले दोन किलोमीटर सगळे जण पुढे जातील, जाऊ द्या. सतराचा पाढा सुरू ठेवा. माझा सहाव्या किलोमीटरला सतरा नव्वे त्रेपन्नाशेवर अडकला, तिथे दोन मिनिटं चाललो, एकदा पाणी प्यायलो आणि उरलेले चार किलोमीटर पुन्हा सतरा एके सतरापासून म्हणत गेलो. न थांबता दहा त्या दिवशी झाले नाहीत. ते झाले पुढच्या रविवारी, तळजाईवर, कुणी बघत नसताना.